केलंच आहे तर…

डोंबिवली, मुलुंड, ठाणे, कोथरूड, कुठेही जा; 1980च्या दशकात उभ्या राहिलेल्या चार मजली इमारतीत हा गृहस्थ सापडतोच. वय पन्नाशीच्या पुढे, नोकरी बँकेत, विमा कंपनीत नाहीतर महापालिकेत, घर वन बीएचके, कार्पेट चारशे चौरस फुटांच्या आसपास आणि कर्ज कधीच फिटलेलं. पंचवीस-तीस वर्षं त्यानं या घरावर गळक्या नळाच्या वायसरपलीकडे फारसा खर्च केलेला नसतो. मग घरात लग्नाचं बोलणं सुरू होतं किंवा ग्रॅच्युइटीचा आकडा कळतो, आणि एका रविवारी तो हॉलच्या मधोमध कमरेवर हात ठेवून उभा राहतो आणि छताकडे बघू लागतो. खालच्या मजल्यावरच्यांनी खरं तर त्याच दिवशी सावध व्हायला हवं. संध्याकाळी दोनशे पानी वही निघते. पहिल्या पानावर श्री, त्याखाली 'घर दुरुस्ती', त्याखाली एकूण बजेट आणि त्या आकड्याखाली दोन रेघा. मुदतही ठरते: परीक्षा संपल्या की काम सुरू, गणपतीच्या आत पूर्ण. याचा अर्थ फोडाफोड मे महिन्यात आणि रंगकाम भर पावसात, हे मात्र वहीत कुठेच लिहिलेलं नसतं.

त्या दोन रेघा पुढे टिकत नाहीत, याबद्दल कुणाचं दुमत नाही. दुमत आहे ते कारणाबद्दल. नातेवाईक म्हणतात, कंत्राटदारानं गंडवलं. कंत्राटदार म्हणतो, काकांनी काम वाढवलं. काकू काहीच म्हणत नाहीत, कारण त्यांचं मत वहीच्या शेवटच्या पानावर आहे. तिथे आपण नंतर येऊ. मला विचाराल तर काका उधळेही आहेत आणि चिक्कूही, फक्त दोन्हीच्या जागा चुकल्या आहेत. 'केलंच आहे तर हेही करून टाकू' हे त्यांचं ब्रीद. ऐकणारे हसतात, पण ब्रीद खोटं नाही. एकदा लादी उखडली, की उखडण्याची मजुरी, डेब्रिजच्या गोण्या, सोसायटीचं डिपॉझिट, घरभर धूळ, शेजाऱ्यांचे चेहरे आणि बाहेरचं जेवण, हे सगळं भरून झालेलं असतं. त्याच लादीखालचं दुसरं काम त्याच वेळी उरकलं तर खर्च येतो तो सामानाचा आणि थोड्या जास्तीच्या मजुरीचा. दोन वर्षांनी काढलं तर गोण्यांपासून पुन्हा सुरुवात. हिशेब खणखणीत आहे. गंमत इतकीच, की काका तो नेमका उलट्या ठिकाणी लावतात. जे पुढे केव्हाही एका ड्रिल मशिननं जमलं असतं, तिथे 'केलंच आहे तर'. आणि ज्यासाठी पुन्हा घर फोडावं लागेल, तिथे 'चालतंय की अजून'.

न्हाणीघराचंच बघा, कारण खरं नाट्य तिथे घडतं. त्या काळच्या बऱ्याच इमारतींत संडास-न्हाणीघराचा स्लॅब बाकी घरापेक्षा खाली घेतलेला असतो. त्या खळग्यात विटांचे तुकडे आणि सिमेंटचा कोबा भरलेला, त्यातून न्हाणी ट्रॅप आणि पाइप गेलेले, वर पांढऱ्या टाइल्स. भिंतीतल्या लाइनी जीआयच्या, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाच्या. एवढ्या वर्षांत मुलामा जातो, आतून गंजाची पुटं चढतात आणि अर्ध्या इंचाच्या पाइपात पाण्याला जेमतेम वाट उरते. अशा पाइपाच्या टोकाला बसवण्यासाठी काका दुकानात जाऊन आठ इंची, चौकोनी, चकचकीत रेन शॉवर निवडतात. प्लंबर विचारतो, "काका, लाइनी नव्या टाकायच्या ना? भिंत उघडीच आहे, सीपीव्हीसी टाकून देतो." काका वही उघडतात, मिटतात. "आहे ती गळत नाही ना कुठे? मग राहू दे." शॉवर बसतो. पहिल्या सकाळी काका त्याखाली उभे राहतात आणि पळीनं तीर्थ द्यावं तसं पाणी डोक्यावर येतं. पुढचा आठवडाभर शॉवर बनवणाऱ्या कंपनीचा उद्धार होतो. भिंतीतल्या पाइपाबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही.

कोब्याचीही तीच कथा. मिस्त्रीचं म्हणणं सरळ असतं: जुना कोबा काढू, नवीन वॉटरप्रूफिंग करू, पाणी भरून दोन-तीन दिवस ठेवू, खाली ओल दिसली नाही की मग टाइल. पण पाणी भरून ठेवण्याच्या त्या दिवसांत घरात काहीच 'दिसत' नाही, आणि न दिसणाऱ्या कामाला काकांच्या वहीत रकाना नाही. मग जुन्या टाइलवरच नवी टाइल चिकटवायचं ठरतं. तोडफोड वाचली, गोण्या वाचल्या, काका खूष. आता न्हाणीघराची जमीन वर आली, म्हणून दरवाजा खालून कापावा लागतो. दरवाजा कापला तरी जमीन बेडरूमच्या बरोबरीला आलेली असते, म्हणून पाणी बाहेर येऊ नये यासाठी ग्रॅनाइटची पट्टी उभी करावी लागते. त्या पट्टीला घरातल्या प्रत्येकाचा अंगठा एकदा तरी ठेचतो. एवढं होऊनही जुन्या कोब्यातली ओल जागच्या जागी असते आणि यथावकाश खालच्यांच्या छतावर पिवळा डाग उमटतो. सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणे घरातल्या संडास-न्हाणीतून होणाऱ्या गळतीचा खर्च त्या-त्या सभासदाचा. म्हणजे वाचवलेले पैसे परत जातात, आणि खालच्यांचं छत रंगवून देण्याचा खर्च वर. शिवाय जिन्यात भेट झाली की तो कटाक्ष.

वायरिंगबद्दल थोडक्यात सांगतो, कारण काकाही ते थोडक्यातच उरकतात. त्या काळचं वायरिंग पंखे, ट्यूबलाइटी आणि एक फ्रिज एवढ्या हिशेबानं केलेलं. आता दोन हजार वॉटचा गीझर, तितक्याच वॉटची इंडक्शन शेगडी आणि दीड हजार वॉटचा एसी एकदम चालले, तर 230 व्होल्टवर साधारण 24 अँपिअरचा भार होतो. एसी-गीझरला स्वतंत्र चार एमएमची वायर टाकायला इलेक्ट्रिशियन सांगतो. काका स्विच बदलतात. पांढऱ्याचे राखाडी, काचेच्या प्लेटीवाले. आत तार तीच.

आणि मग हात सैल सुटतो. साडेनऊ फुटांच्या छताला सहा इंच खाली फॉल्स सीलिंग येतं. "सीलिंग केलंच आहे तर लाइट लावू." "लाइट लावतोच आहोत तर कडेनं निळी पट्टी टाकू." ती पट्टी गणपती आणि पाहुणे सोडले तर लागत नाही. पंखा खाली उतरतो, आणि उंच भाच्याला हात वर करून आळस देण्याची बंदी होते. स्वयंपाकघरात कडप्प्याचा ओटा जाऊन ट्रॉल्या येतात. तिथे, सिंकच्या खाली, जिथे पाण्याशी रोजची गाठ, 710 क्रमांकाचा मरीन प्लाय हवा. येतो साधा कमर्शियल, आणि वाचलेल्या पैशांत संगमरवराच्या छापाचं लॅमिनेट. हॉलची मोझॅक लादी पॉलिश करून घेतली असती तर थोडक्यात झळकली असती. ती फोडून काका मोरबीहून आलेल्या दोन बाय दोनच्या व्हिट्रिफाइड टाइल्स बसवतात. त्यांच्यावर हल्लीच्या फॅशनप्रमाणे मोझॅकचं चित्र छापलेलं असतं.

इथे काकांचे वकील उभे राहतील, आणि त्यांचं ऐकलं पाहिजे. पहिला बचाव असा, की दोष कंत्राटदाराचा. लमसम भाव सांगायचा आणि मग स्कर्टिंग रनिंग फुटावर वेगळं, खिडकीच्या कडा वेगळ्या, मोल्डिंग वेगळं, मलबा उतरवण्याचे वेगळे, असं लावत जायचं. हे घडतं, आणि लेखी यादी न मागणाऱ्याच्या बाबतीत हमखास घडतं. पण वहीतले 'एक्स्ट्रा' नीट वाचले तर कंत्राटदाराच्या लबाडीचे थोडे आणि काकांनीच तोंडानं सांगितलेले जास्त निघतील. निळी पट्टी कुठल्याही कंत्राटदारानं गळ्यात मारलेली नव्हती. ती काकांनी साडूच्या घरी पाहिली होती.

दुसरा बचाव जास्त वजनाचा आहे: "अहो, बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला जाणार. पाइपात पैसे कशाला पुरायचे?" यात तथ्य नाही असं कोण म्हणेल? 2019च्या सरकारी निर्णयानं पुनर्विकासाला 51 टक्के सभासदांची संमती पुरेशी ठरवली, आणि जुन्या सोसायट्यांत तेव्हापासून सभांना गर्दीही वाढली. पण संमतीनंतर कन्व्हेयन्स असतो, बिल्डरची निवड असते, भाड्याचा आकडा असतो, पार्किंग असतं आणि तळमजल्यावरचा एक सभासद असतो जो दर सभेत उठून मागच्या सभेचं इतिवृत्त अमान्य करतो. इमारत खरोखर पडायला किती वर्षं लागतील हे काकांनाही सांगता येत नाही. बरं, उद्याच पडणार असं धरलं, तर मग फॉल्स सीलिंग कुठे जाणार आहे? पाइप डेब्रिजमध्ये गेले तर सीलिंगही त्याच ट्रकमध्ये जाईल. पुनर्विकासाचा मुद्दा पाइपाला लागतो आणि निळ्या पट्टीला लागत नाही, असं कुठल्याही हिशेबात बसत नाही. त्या मुद्द्याला खरंच जागायचं तर उचलून नेता येईल असं सामान घ्यावं. काका पलंगसुद्धा भिंतीत ठोकून घेतात. शिवाय तीस वर्षांवरच्या इमारतीचं दर तीन वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट करावं असं उपविधी सांगतात, आणि अशा अहवालांत नेहमीचा आरोपी असतो संडास-न्हाणीतून झिरपणारं पाणी. ते स्लॅबमधल्या सळ्यांपर्यंत पोचतं, सळ्या गंजून फुगतात, प्लास्टर सुटतं. या हिशेबानं पुनर्विकासाला सगळ्यात मोठा हातभार काकाच लावत असतात, बिल्डर उगीच स्वतःकडे श्रेय घेतो.

तिसरा बचाव माणुसकीचा आहे, आणि तिथे मी जरा नमतं घेईन. चारशे फुटांच्या घरातला हॉल ही बैठकीची जागा, जेवणाची जागा, मुलाची झोपायची जागा आणि स्थळ बघायला येणाऱ्यांसमोर घराण्याची परीक्षा देण्याचीही जागा. येणारे पाहुणे पाइप उघडून बघत नाहीत. जन्मभर काटकसर केलेल्या माणसाला एकदा आपलं घर झगमगलेलं बघावंसं वाटलं, तर त्याला हसण्यात मोठेपणा नाही. दिसण्याला किंमत आहेच. पण कमीत कमी पैशांत जास्तीत जास्त दिसणारं काम कुठलं, हे बघायला गेलं तर उत्तर येतं रंग. भिंती नीट घासून, ओल वाळवून, पुट्टी भरून, प्रायमर देऊन दोन हात रंग दिला की निम्मं घर नवं दिसतं. काकांच्या यादीत रंग शेवटी येतो, तेव्हा बजेट संपलेलं असतं, पाऊस सुरू असतो, गणपती चार दिवसांवर असतात. "एकच हात मारा, पुढच्या वर्षी बघू." दिवाळीला पोपडे येतात. दिसण्यासाठी सगळं केलं म्हणावं, तर तेही धड नाही.

आता काकूंचं शेवटचं पान. तिथे तीनच ओळी असतात: ओट्याच्या सिंकपाशी पाणी साचतं, उतार नीट करा; कपडे धुण्याच्या जागी एक नळ; माळ्याचं दार सरकतं करा, शिडीवर उभं राहून उघडत नाही. तिन्ही मागण्या मिळून निळ्या पट्टीएवढाही खर्च नाही, आणि पहिल्या दोन तर लादी उखडलेली असतानाच होण्याजोग्या, म्हणजे 'केलंच आहे तर'च्या चौकटीत चोख बसणाऱ्या. तीस वर्षं त्या घरात पाणी कुठून कुठे जातं हे रोज फडकं हातात घेऊन पाहिलेली घरातली ती एकमेव व्यक्ती. तिचं पान शेवटी का, याला काकांकडे उत्तर आहे: "ते काय, किरकोळ काम, कधीही होईल."

पण काकांना नापास झालेलं समजू नका. पुढच्या उन्हाळ्यात दुसऱ्या मजल्यावरचे जोशी किंवा पाटील नवी वही घेऊन त्यांच्याच घरी येतात. सहा महिने ज्याला चोर म्हटलं त्या कंत्राटदाराचा नंबर काका आनंदानं देतात: "माणूस हुशार आहे हो, फक्त मागे लागावं लागतं." मग घर दाखवणं होतं. भर दुपारी सगळे लाइट लागतात, निळी पट्टीसुद्धा. लॅमिनेटवर बोटानं टकटक करून दाखवलं जातं. सिंकखालचं दार तेवढं उघडत नाहीत, ते फुगून बसलंय. शेवटी न्हाणीघर. "अंगठा सांभाळा," असं म्हणत काका आत शिरतात, शॉवरकडे हात करतात आणि ब्रँड, मूळ किंमत, मिळालेली सूट सगळं सांगतात. पाहुणा कौतुकानं नळाकडे हात नेतो, तेव्हा काका चटकन म्हणतात, "आत्ता नको, टाकीत पाणी कमी आहे."