पडवीतले आचार्य

हेदवीत बाहेरून कोणी राहायला आलं की गाव आधी त्याला होमस्टेवालाच समजतं. दशभुज गणपतीला येणाऱ्या गाड्या वाढल्यापासून तसं समजण्यात चूकही नाही. मुंबईची नोकरी सोडून आलेल्या या गृहस्थांनी वडिलोपार्जित घर शाकारून घेतलं, पडवी चोपून सारवली, तेव्हा लोकांनी विचारलं, "एसी कुठे बसवणार?" ते म्हणाले, "इथे वर्ग भरणार." त्या दिवसापासून ते आचार्य झाले. त्यांचं खरं नाव आता फक्त पोस्टमनला आणि वीजबिलाला ठाऊक आहे.

विद्यार्थी चार. त्यातले दोन घरचेच: थोरला दहा वर्षांचा, धाकटी आठची. उरलेले दोन वेळणेश्वर आणि नरवण इथल्या, तशाच शहर सोडून आलेल्या कुटुंबांचे.

ही कल्पना आली कुठून, तर अमेरिकेतून. आपल्याकडे परंपरा बऱ्याचदा तिकडूनच येते. आचार्यांच्या मेहुण्यांच्या शेजारी एक कॅथलिक कुटुंब आहे. त्यांची मुलं पालकांनीच उभ्या केलेल्या 'क्लासिकल' शाळेत जातात. तिथे लॅटिन शिकवतात, होमर वाचतात, पाठांतर सक्तीचं, मोबाइल बंद, आणि एकाचे आईबाप दुसऱ्याच्या पोरांना शिकवतात. मेहुण्यांनी व्हिडिओ कॉलवर तो वर्ग दाखवला आणि आचार्यांची झोप उडाली. मग त्यांनी आमची उडवली. जेझुइटांनी 1599 साली सगळ्या जगातल्या आपल्या शाळांसाठी एकच अभ्यासक्रम कसा आखला, 1947 मध्ये डोरोथी सेयर्स या रहस्यकथा लिहिणाऱ्या बाईंनी ऑक्सफर्डला भाषण करून जुन्या शिक्षणाच्या तीन पायऱ्या पुन्हा कशा मांडल्या, हे वाडीतल्या शहाळी काढणाऱ्यालाही तोंडपाठ झालं. त्या पायऱ्या म्हणजे व्याकरण, तर्क आणि वक्तृत्व. मूल आधी पोपट, मग वकील, शेवटी कीर्तनकार.

"त्यांचा अक्वायनस, आपला अक्षपाद गौतम! त्यांचं लॅटिन, आपलं संस्कृत!" असं म्हणताना त्यांचा आवाज भरून येई. "तो फादर स्टीफन्स इंग्लंडातून गोव्यात येतो आणि दहा हजारांवर ओव्यांचं 'ख्रिस्तपुराण' लिहितो. 1616 साली छापतो! आणि आमच्या पोरांना ओवी म्हणजे ओव्याची बायको वाटते!" मराठीला 2024 च्या ऑक्टोबरात अभिजात दर्जा मिळाला, तेव्हा मुलाच्या मुंजीला वाटले नसतील एवढे पेढे त्यांनी वाटले.

पहिली पायरी पाठांतराची. सकाळी 'रामः रामौ रामाः' आणि त्याला जोडूनच लॅटिन. थोरला पडवीच्या खांबाला टेकून 'आमो, आमास, आमात' घोकत बसे. पलीकडच्या आजींनी दोन दिवस ऐकलं. तिसऱ्या दिवशी वाटीत कुड्याची साल उगाळून घेऊन आल्या. म्हणाल्या, "पोराला आमांश झालाय नि तुम्ही त्याला पाठांतराला काय बसवता?"

दाखला द्यायचा तर आचार्य नेहमी इथल्याच मातीतला देत. मुरडीचे रँग्लर परांजपे केंब्रिजला 1899 साली पहिले आले. मुरूडचे अण्णा कर्वे परीक्षेसाठी साताऱ्यापर्यंत चालत गेले. हे दुसरं उदाहरण विशेष लाडकं, कारण मुलांनी नारळाच्या झावळ्या ओढायला कुरकुर केली की ते लागू पडे. एकदा आतून वहिनींचा आवाज आला, "आणि तिथे पोचल्यावर 'लहान दिसतोस' म्हणून परीक्षेला बसू दिलं नाही. तेही सांगा." वहिनी पुण्याच्या कंपनीचं काम माजघरात लॅपटॉपवर करतात. गुरुकुल त्याच पगारावर चालतं, म्हणून त्यांना मध्येच बोलण्याची मुभा आहे.

वक्तृत्वाचा पाठ बामणघळीवर झाला. भरतीच्या वेळी तिथे लाट खडकाच्या चिरेत शिरते आणि असा फवारा उडवते की बोललेलं कानात जात नाही. ग्रीक वक्ता डेमॉस्थेनिस तोंडात खडे धरून समुद्रापुढे भाषणं करी, असं सांगतात. आचार्यांनी चौघांना घळीपासून सुरक्षित अंतरावर, उमामहेश्वराच्या बाजूला उभं केलं आणि वहिनींनी पुरचुंडीत दिलेले खडे वाटले. भाषणाचा विषय 'माझा गाव'. धाकटीचं भाषण अर्ध्या मिनिटात आटोपलं आणि तिने आणखी खडे मागितले. वहिनींनी पुरचुंडीत खडीसाखर बांधली होती. दर्शनाला आलेल्या एका कुटुंबाला हा नवसाचा प्रकार वाटला. त्यांनी आपल्याही मुलाला हात पसरायला लावला.

पण खरा आचार्य बघायचा तर पडवीत, सकाळी आठ वाजता. पितळी घंटा होते. चौघं उंचीप्रमाणे रांगेत, पुढच्याच्या खांद्याला हात लावून अंतर घेतात. हात पालथे करून नखं तपासली जातात, वाढलेल्या नखाला फूटपट्टीची कड. मग "शांतता!" आणि ओठांवर बोट. दप्तरात शेऱ्यांची वही. एकदा तीत शेरा होता: 'पाल्याने वर्गात आंबाडा चोखला. पालकांनी समक्ष भेटावे.' खाली आचार्यांची सही. रात्री ती वही पालकाच्या सहीसाठी त्यांच्यासमोर आली आणि त्यांनी गंभीरपणे तीवर पालक म्हणून सही केली. वहिनींनी विचारलं, "मग, भेटलात का समक्ष?"

हे सगळं कुठल्या ऋषींच्या आश्रमातलं? आजींनीच ते ओळखलं. त्यांचं स्वतःचं शिक्षण चौथीपर्यंत, पण रामरक्षा, हरिपाठ, पावकी-दिडकी सगळं तोंडावर. जात्यावर, विहिरीवर, कोणाच्या तरी मागे म्हणत म्हणत आलेलं. रांग नाही, घंटा नाही, वही नाही. पडवीतला तो सोहळा बघून त्या म्हणाल्या, "हे गुरुकुल कसलं रे? ही तर मिशनऱ्यांची शाळा, सोवळं नेसवलेली!"

आचार्य गप्प झाले, कारण खरं होतं. बालवर्गापासून दहावीपर्यंत ते मुंबईच्या कॉन्व्हेंटमध्ये होते. त्यांचं इंग्रजी अक्षर सिस्टरांनी वळवलेलं, एकसारखं कललेलं. देवनागरीत मात्र अजून 'ऋ' काढताना ते थबकतात. माघी उत्सवात आरती सुरू झाली की पहिलं कडवं दणक्यात म्हणतात, दुसऱ्यापासून नुसते ओठ हलवतात आणि टाळ्या वाढवतात. 'अवर फादर' मात्र त्यांना झोपेतून उठवून विचारा, एक शब्द चुकणार नाही. आपल्याला न मिळालेलं ते मुलांना द्यायला निघाले होते, आणि हातात होतं फक्त मिळालेलं. मला विचाराल तर त्यात वाईट काही नाही. नखं स्वच्छ राहिली.

घोळ झाला तर्कापाशी. न्यायशास्त्रातलं पाच अवयवांचं अनुमान त्यांनी फार मन लावून शिकवलं: पर्वतावर धूर दिसतो, म्हणून तिथे अग्नी आहे, जसा स्वयंपाकघरात. आठवड्याभराने जेवताना थोरल्याने पान सरकवलं आणि उभा राहिला.

"बाबा रात्री मोबाइल बघतात, ही प्रतिज्ञा. कारण त्यांच्या पांघरुणातून निळा उजेड येतो, हा हेतू. जिथे जिथे पांघरुणात निळा उजेड, तिथे तिथे मोबाइल, जसा मामाकडे. हे उदाहरण. बाबांच्या पांघरुणात तसाच उजेड आहे, हा उपनय. म्हणून बाबा मोबाइल बघतात. निगमन."

आचार्य म्हणाले, "काजवा असेल."

"हा हेत्वाभास आहे," धाकटी म्हणाली. "काजवे पावसाच्या तोंडाशी येतात. आत्ता माघ चालू आहे."

बापाच्या चेहऱ्यावर शरम आणि अभिमान यांची अशी झटापट मी दुसरीकडे पाहिलेली नाही. रात्री त्यांनी पालकांच्या ग्रुपवर या अनुमानाची सविस्तर हकीकत टाकली. वेळ, अकरा पन्नास. पांघरुणातूनच.

पुढचं अनुमान मुलांनी शाळेवर बांधलं. त्यांची नावं जिल्हा परिषदेच्या शाळेत होतीच. सहा ते चौदा वयाच्या मुलांसाठी 2009 चा कायदा आहे, शिवाय पट घसरला तर शाळा टिकवणं कठीण, म्हणून गुरुजी हजेरीपट घेऊन पडवीच्या पायरीपर्यंत येऊन गेले होते. मुलांचं म्हणणं थोडक्यात असं: खो-खोला नऊ गडी मैदानात लागतात, पडवीत चार आहेत, म्हणून पडवीत खो-खो असंभव. खिचडीचा मुद्दा धाकटीने स्वतंत्र मांडला. आचार्यांनी दोन दिवस खंडन शोधलं. सापडलं नाही.

जूनपासून दोघंही शाळेत जातात. संस्कृत संध्याकाळी, आजींच्या ओटीवर, त्यांच्या सवडीने. आचार्य शाळा व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष झाले आहेत, बिनविरोध. पहिल्याच सभेत त्यांनी शाळेला पितळी घंटा भेट दिली, शेऱ्यांच्या वह्यांचा नमुना मांडला आणि लॅटिनचा ठराव सुचवला. गुरुजींनी बदलीचा अर्ज भरला आहे.