थिबा राजाचं परतीचं तिकीट

भारताच्या पर्यटक व्हिसाचा ऑनलाइन अर्ज ज्याने तयार केला, तो माणूस कोकणात लग्नं जुळवायच्या धंद्यात नाव काढून गेला असता. आईवडील जन्मले कुठे, आजी-आजोबा पाकिस्तानचे तर नव्हेत ना, धर्म, शिक्षण, अंगावरची ओळखखूण, नाव कधी बदललं का, इथे ओळखीचं कोण, कुठल्या देशाने हाकलून दिलं होतं का? शिवाय पासपोर्टला सहा महिन्यांची मुदत, परतीचं तिकीट आणि खिशात पुरेसा पैसा हवा. यातली एकही अट रत्नागिरीच्या सर्वांत नामांकित परदेशी पाहुण्याला पुरी करता आली नसती. ब्रह्मदेशाचा थिबा राजा १८८६ च्या एप्रिलमध्ये इथे आला. ‘हाकलून दिलं होतं का?’ या रकान्यात त्याने लिहिलं असतं, ‘होय, म्हणून तर आलो.’ ओळखीची व्यक्ती म्हणून व्हॉइसरॉय लॉर्ड डफरिन. या सद्गृहस्थांनी १ जानेवारी १८८६ ला त्याचं राज्य खालसा केलं आणि पुढे ‘आवा’ हे जुन्या बर्मी राजधानीचं नाव आपल्या किताबाला जोडून घेतलं. पैशाच्या रकान्यात सरकारी पेन्शन आणि सावकाराकडे जाणारी माणकं. परतीचं तिकीट मात्र कोरं. ई-व्हिसा तीस दिवसांचाही मिळतो. थिबा तीस वर्षं राहिला आणि १९१६ च्या डिसेंबरात इथेच वारला. त्यातली चोवीस वर्षं सरली तेव्हा कुठे, १९१० साली, राजवाडा बांधून झाला. सरकारी बांधकामाचा वेग आपण उगाच स्वातंत्र्यानंतरचा समजतो.

कोणी म्हणेल, तेव्हा पासपोर्टचा कायदाच नव्हता; तो आला १९२० साली. अगदी बरोबर. पण कायदा नसताना पहारा चोख होता, आणि ज्या इंग्रज फौजेने १८८५ साली आगबोटींतून थिबाची राजधानी मंडाले गाठली तिच्याकडे कोणी आजोबांचं जन्मस्थान विचारलं नव्हतं. माझा मुद्दा एवढाच, की प्रवेशाच्या अटी धोका हुडकायला कमी आणि घरात मालकी कुणाची हे दाखवायला जास्त असतात.

सुरक्षेचा आक्षेप मात्र वजनदार आहे, त्याला थट्टेने उडवता येणार नाही. पण २६/११ पूर्वी मुंबईची टेहळणी करून गेलेला डेव्हिड हेडली रीतसर व्हिसा घेऊन आला होता. मूळचा दाऊद गिलानी, २००६ साली नाव बदललेला. कसाब आणि त्याचे नऊ साथीदार समुद्रातून आले, त्यांना अर्ज कोण देणार? १९९३ चं आरडीएक्स आपल्या शेजारी, रायगडातल्या शेखाडीला उतरलं, तेव्हा कस्टम आणि पोलिसांतले काही जण विकले गेले होते, हे न्यायालयात सिद्ध झालं. म्हणजे खोटं बोलणारा अर्ज नीट भरतो, मारायला येणारा भरतच नाही, आणि गणपतीपुळ्याला आंबोळी खायला आलेल्या जर्मन जोडप्यासाठी होमस्टेवाल्या काकूंनी चोवीस तासांत पाहुण्यांच्या माहितीचा सरकारी फॉर्म भरायचा. चौकशी नको असं नाही. ती किनाऱ्यावर आणि कचेरीत आधी व्हावी, काकूंच्या ओसरीवर नंतर.

उरला ‘जशास तसे’चा युक्तिवाद: ते आपल्याला रांगेत उभं करतात, आपण त्यांना करू. या तत्त्वाचा सर्वांत काटेकोर अंमल इंग्रजांनी केला. दिल्लीचा बादशहा बहादूरशाह जफर रंगूनला धाडला, तो १८६२ साली तिथेच गेला. मंडालेचा राजा रत्नागिरीला. देवाणघेवाण अशी समसमान, की दोघांनाही परतीची परवानगी नाही. थिबाच्या राणी सुपयालातला १९१९ साली ती मिळाली, पण नवऱ्याचा देह नेण्याची नाही. ती त्याच्याशिवाय रंगूनला गेली. डिसेंबर २०१२ मध्ये म्यानमारचे राष्ट्राध्यक्ष थेन सेन इथे येऊन समाधीला वंदन करून गेले; राजा जागचा हलला नाही. १ सप्टेंबर २०२५ पासूनच्या नव्या कायद्यात मुदतीपेक्षा जास्त राहिल्यास तीन वर्षांपर्यंत कैद आहे. शिवाजीनगरातल्या समाधीवर नोटीस डकवायला कुणाला पाठवायचं, हे जिल्हा पोलिसांनी ठरवावं.