दोन हाफ, आर्वी

महाराष्ट्रात तळेगावांना तोटा नाही. पुण्याजवळ दाभाड्यांचं आहे, ढमढेऱ्यांचं आहे. संगमनेरकडे दिघ्यांचं, अमरावती जिल्ह्यात दशासर, आणि वर्धा जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यात श्यामजी पंतांचं. नुसतं ‘तळेगाव’ म्हणणाऱ्याला एसटी कुठे नेऊन सोडेल याचा नेम नाही. म्हणून आर्वीच्या लग्नाला निघालेल्या पुणेकर मामांनी अमरावतीहून नागपूर गाडीत बसल्यापासून ‘श्यामजी पंत, श्यामजी पंत’ असा जप लावला होता. कंडक्टरला त्यांनी इतक्या वेळा विचारलं, की शेवटी पुढच्या सीटवरच्या आजीबाई वळून म्हणाल्या, “आलं की सांगतो ना बाप्पा, झोपा निवांत.”

मामांना निवांत झोप म्हणजे काय ते ऐकून माहीत होतं. पुण्यातल्या घराचं कुलूप, गॅसचं बटण, आहेराचं पाकीट, डावा गुडघा आणि आर्वीची जोडगाडी अशा काळज्या त्यांनी बरोबर घेतल्या होत्या. सोबत भाची होती. ती कॉलेजात मानसशास्त्र शिकवते. मामांची दृष्टी व्यापक करायची, असा तिने या प्रवासात विडाच उचलला होता.

पहिला प्रयोग मोझरीला झाला. रस्त्यालगतच राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचा गुरुकुंज आश्रम आहे. १९३५ साली स्थापन झालेला. भाचीने सांगितलं, की खंजिरी वाजवत गावोगाव भजनं म्हणणारा हा माणूस १९४२ च्या आंदोलनात तुरुंगात गेला, १९५५ मध्ये जपानला विश्वधर्म परिषदेला जाऊन आला, आणि तरी ग्रामगीतेच्या ४१ अध्यायांत गावाच्या सफाईपासून गोरगरिबांच्या लग्नखर्चापर्यंत सगळ्याचा विचार करत राहिला. ११ ऑक्टोबर १९६८ रोजी ते गेले. अजूनही पुण्यतिथीला दुपारी ४ वाजून ५८ मिनिटांनी इथे लाखोंचा समुदाय मौन पाळतो.

“४.५८?” मामा खुलले. “म्हणजे पाचला दोन कमी! इकडे वेळ एवढी काटेकोर पाळतात तर. मग आर्वीची गाडीही वेळेवर असणार.”

वर्धा नदी ओलांडून गाडी तळेगावच्या फाट्यावर लागली, आणि ही आशा तिथेच उतरली. तळेगाव म्हणजे चौरस्ता. नागपूर–अमरावती महामार्ग आडवा जातो आणि आर्वी–आष्टीचा रस्ता त्याला कापतो. ट्रक, टँकर, संत्र्यांचे टेम्पो, सगळे इथून कुठेतरी निघालेले. गाडीची चौकशी केली तेव्हा चहावाला म्हणाला, “येऊन राहिली ना.” अर्ध्या तासाने पुन्हा विचारलं. गाडी तेव्हाही येऊनच राहिली होती.

“मामा, जरा पायाखाली बघा,” भाचीने दुसरा प्रयोग काढला. “हा काळा दगड दख्खनच्या लाव्ह्याचा. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. तेव्हा लाव्ह्याचे लोट थरावर थर साचत गेले. पार नागपूरपर्यंत. ही काळी कपाशीची माती त्याच दगडाची. त्यापुढे आपला अर्धा तास म्हणजे काय?”

मामांनी चटकन पाय उचलला. “परत फुटणार नाही ना गं?”

ती त्यांना अंतराळात घेऊन गेली. वरून पृथ्वी पाहून आलेल्या माणसांना आपली भांडणं, सरहद्दी फार लहान वाटू लागतात. फ्रँक व्हाइट नावाच्या अमेरिकन लेखकाने १९८७ साली यावर पुस्तकच लिहिलं. आपले राकेश शर्मा १९८४ मध्ये जवळजवळ आठ दिवस वर होते. मामा विचारात पडले. “आठ दिवस! आणि घराची किल्ली कुणाकडे दिली असेल?”

भाचीने चहा मागवला.

शेवटचा उपाय तिने कॅलिफोर्नियातून आणला होता. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात बर्कलेच्या विद्यापीठातल्या काही विद्यार्थ्यांना निलगिरीच्या उंच झाडांकडे मिनिटभर पाहायला लावलं. काहींना शेजारच्या इमारतीकडे. मग एकाने मुद्दाम हातातली पेनं सांडली. झाडं पाहिलेल्यांनी जास्त पेनं उचलून दिली. मोठं काही पाहिलं की ‘मी’ आकसतो, असा त्याचा निष्कर्ष. मामांनी आज्ञाधारकपणे मान वर करून फाट्यावरच्या कडुनिंबाकडे पाहिलं. वर कावळा बसला होता. नव्या टोपीच्या काळजीने ते बाजूला सरकले.

सरकले ते बाकावरच्या एका संत्रा बागायतदाराशेजारी. तो तर्री-पोहे खात होता. मामांनी सहज बागेची चौकशी केली आणि त्याने सहजच उत्तर दिलं. यंदा आंबिया बहराची गळ झाली. त्याआधी कोळशी आली. दोन झाडं डिंक्याने गेली. व्यापाऱ्याने भाव पाडला. आता पुढच्या बहरासाठी झाडं ताणावर सोडलीत.

“ताणावर?”

“डिसेंबरात पाणी तोडतो ना. झाड तहानलं, पानं सुकली, की जानेवारीत पाणी. मग फुलतं. पण हिशेबानं लागते. जास्त झाला ताण, तर झाडच जाते.”

“आमच्याकडे तीस वर्षं ताण चालू आहे,” मामा म्हणाले, “फूल काही आलं नाही.”

“मधात पाणी दिलं नसन तुम्ही,” बागायतदार म्हणाला आणि तर्री वाढवून मागितली.

तेवढ्यात वळणावर एका ऑटोच्या टपावरून कॅरेट घसरलं आणि संत्री रस्ताभर झाली. चहावाला धावला, बागायतदार पोह्यांची प्लेट ठेवून धावला, एका ट्रकवाल्याने गाडी आडवी लावून वाहतूक थोपवली. आणि डावा गुडघा घेऊन मामाही धावले. ट्रकच्या चाकाशी अडकलेलं संत्रं वाकून काढणाऱ्या मामांना पाहून भाची बर्कलेला पत्र लिहिण्याच्या विचारात होती. फक्त झाडामुळे की बागायतदारामुळे, एवढंच तिला ठरवता येईना. मामांनी निलगिरी पाहिली नव्हती. दुसऱ्याची बाग मात्र मुळापासून पाहिली होती.

या धांदलीत आर्वीची गाडी येऊन उभी राहिली. तिची वाट पाहणं मामा विसरूनच गेले होते. भाचीने हाताला धरून त्यांना चढवलं. आत एक तरुण मोबाइलला रेंज नाही म्हणून कपाळाला आठ्या घालून बसला होता. मामा त्याच्या शेजारी टेकले, घाम पुसला आणि म्हणाले, “बाळा, या रेंजचं काय घेऊन बसलास? ही खालची जमीन बघ. साडेसहा कोटी वर्षं…”

कंडक्टर मशीन घेऊन उभा होता. मामा पासष्ट ओलांडलेले, म्हणून त्यांचं अर्धं; भाचीचं महिला सन्मानमध्ये अर्धं.

“दोन हाफ, आर्वी,” त्याने बटणं दाबली. “अन् ते साडेसहा कोटी राहू द्या काका, सुटे काढा.”