अर्थ काढणारे अप्पा

जहांगीर आर्ट गॅलरीत जलरंगांचं प्रदर्शन लागलं की अप्पा हजर. खांद्याला शबनम, हात पाठीमागे, आणि चेहऱ्यावर ‘इथे काहीतरी दडवलंय’ असा जप्तीवाल्याचा भाव.

परवा एका तरुण चित्रकाराच्या स्ट्रासबर्गच्या गल्लीसमोर त्यांनी ठाण मांडलं. दोन्हीकडे उतरत्या छपरांची घरं, खाली ओला फरसबंद रस्ता, दोन-चार छत्र्या आणि गल्लीच्या तोंडाशी आभाळात घुसलेला कॅथेड्रलचा मनोरा.

“मनोरा एकच का?” अप्पांनी विचारलं.

“तिथे एकच आहे, काका.”

खरंच एकच आहे. १४३९ साली उत्तरेकडचा पुरा झाला, दक्षिणेकडचा राहिला तो राहिलाच. तरी एकट्यानं १४२ मीटर गाठले आणि १६४७ ते १८७४ जगातली सर्वांत उंच वास्तू म्हणून मिरवला. अप्पांना हे फारच सरळ वाटलं. “अहो, न बांधलेला मनोरा म्हणजे आधुनिक माणसाचं हरवलेलं अर्धांग!” गुलाबी छटा म्हणजे हुतात्म्यांचं रक्त. (वोज पर्वतातला तो वालुकाश्मच गुलाबी, पण सांगतो कोण?) मनोऱ्याशेजारी ओल्या वॉशमध्ये पाण्याचा थेंब पडून फ्लॉवरच्या गड्ड्यासारखा डाग उमटला होता. चित्रकार बिचारा त्याच्यापुढे आडवा उभा राहत होता. अप्पांनी त्याला बाजूला सारून डागाचं नामकरण केलं: “श्रद्धेला पडलेली शंका!”

“कळस म्हणजे देवाकडे दाखवलेलं बोट, असंही असेल,” मी म्हटलं.

“ते शाळकरी पोरही सांगेल!”

म्हणजे बांधणाऱ्यांच्या मनात असण्यासारखा अर्थ तेवढा वगळायचा, बाकी सगळे मंजूर.

चित्रातली खरी करामत वेगळीच होती. जवळची घरं गडद, मनोरा वर जाईल तसा फिका आणि टोक तर कोऱ्या कागदातच विरलेलं. तेवढ्यावर पोरानं पावसाळी हवाही दाखवली होती आणि अंतरही. अप्पांची नजर तिथवर पोचलीच नाही. ते डागापाशीच रमले होते. चित्रकार मात्र धंद्यात मुरणार. त्यानं खिशातलं पेन काढून किमतीच्या चिठ्ठीमागे ‘श्रद्धेला शंका’ टिपून ठेवलं.

शेजारी वाईचा घाट होता. पाण्यात एक म्हैस. अप्पा चष्मा पुसत पुढे सरकले, वाकले, आणि मला जवळ बोलावून हळूच म्हणाले, “पाहिलंत? इथे शिंगं दोन आहेत!”