ग्रीष्मावकाशीय बालवाचनप्रवर्तनमीमांसा

वार्षिक परीक्षेचा अंतिम पेपर आणि जूनमधील पहिली घंटा यांच्या दरम्यान पाल्याच्या हाती पुस्तक राहावे, एतदर्थ पालकाने केलेला जो सहेतुक वाग्व्यापार, त्यास ‘वाचनप्रवर्तन’ अशी संज्ञा आहे. पाल्याने प्रत्यक्ष वाचणे या व्याख्येत अंतर्भूत नाही. ते आनुषंगिक फल होय. राज्यात १५ ऑक्टोबरला पाळला जाणारा वाचन प्रेरणा दिन शरदात येत असल्याने प्रस्तुत शास्त्राच्या कक्षेबाहेर राहतो.

या शास्त्राचे आद्यपीठ पुणे. लोकहितवादींच्या पुढाकाराने १८४८ साली स्थापन झालेले ग्रंथालय आज पुणे नगर वाचन मंदिर या नावाने नांदते, वा. गो. आपटे यांनी मुलांसाठी ‘आनंद’ मासिक १९०६ साली काढले. बालभारतीचे ‘किशोर’ १९७१ पासून निघते. अप्पा बळवंत चौक तर आहेच. इतकी साधने असता प्रवर्तनाचे प्रयोजन काय, हा पूर्वपक्ष पाल्यवर्ग दरवर्षी मांडतो. तो ‘उद्धटपणा’ या सदरात निकाली निघालेला आहे.

प्रवर्तनाचे प्रकार चार.

१. आमिषमूलक. पाच पुस्तकांस एक मस्तानी, हे याचे प्रमाणसूत्र. पेठीय शाखा पुस्तकाचा सारांश तोंडी घेऊन मगच मस्तानी देते. कोथरूड शाखा ती आगाऊ देते आणि जूनपर्यंत पश्चात्ताप करते.

२. उपमानमूलक. यात शेजारील पाल्य उपमानस्थानी असतो. तो समवयस्क, चष्मा असलेला व शक्यतो त्याच जिन्यातील असावा. त्याच्या घरी आपला पाल्य उपमान म्हणून वापरला जात असल्यास अन्योन्याश्रय दोष उत्पन्न होतो. तो उभय मातांच्या गच्चीवरील संभाषणात सहसा उघडकीस येतो.

३. स्मृतिमूलक. प्रवर्तक आजोबा. आरंभ ‘आमच्या वेळी’ या पदांनी. समाप्ती उपलब्ध नाही.

४. वामकुक्षीमूलक. सर्व प्रकारांत हाच फलदायी, आणि यालाच प्रवर्तक नाही. दुपारी १ ते ४ या वेळेत पुण्यात दुकानांप्रमाणे घरेही मिटतात. सायकल उन्हामुळे निषिद्ध, टीव्ही आवाजामुळे निषिद्ध, मोबाईल पित्याच्या उशाखाली. ‘आवाज नकोय’ हे एकमेव विधिवाक्य. सर्व मार्ग खुंटलेला पाल्य अशा वेळी कपाटाच्या तळाशी हात घालतो. निघणारा ग्रंथ पालकांच्या यादीतील नसावा, ही पूर्वअट. त्याची पहिली दोन पाने गहाळ असल्यास फल द्विगुणित. भा. रा. भागवतांचा फुरसुंगीकर फास्टर फेणे येथे बहुधा प्रकट होतो. मात्र ही अवस्था अतिनाजूक असते. जाग्या झालेल्या मातेने ‘अगंबाई, वाचतोयस? शहाणा माझा!’ एवढे उच्चारताच ती भंग पावते व त्या दिवशी पुनश्च प्राप्त होत नाही. सबब उठलेल्या पालकाने चहाचे आधण ठेवण्यापूर्वी एकदाही खोकू नये, असे आम्ही विहित करतो.

एक वाद अनिर्णीत आहे. तोच ग्रंथ सात वेळा वाचल्यास वहीत नोंद एक की सात? एकत्ववादी पिता एक मानतात. पुनरावृत्तिवादी पाल्य सात मानून मस्तानीचा हक्क सांगतो, वर दोन शिल्लक दाखवतो. मध्यस्थ आजी असून, आंबा मस्तानी तिलाही प्रिय असल्याने, तिचा कल पुनरावृत्तिवादाकडे आहे.