चाळीस लिटर जादा

साळ्याच्या ओळखीच्या जिनिंगमध्ये धर्मकाटा आहे. फुकट मोजून मिळतंय म्हटलं की मी रक्तदाबसुद्धा दोनदा मोजून घेतो, त्यामुळे अकोल्यातून निघताना कापसाच्या दोन गाड्यांच्या मध्ये आमची जीप काट्यावर चढली. काट्यावरच्या माणसानं आकडा पाहिला, मग जीपच्या टपाकडे पाहिलं. म्हणाला, "भाऊ, घर खाली करून राहिले काय?"

आम्ही चिखलदऱ्याला चाललो होतो. दोन रात्रींसाठी.

जाऊन-येऊन तीनशे किलोमीटरच्या आतला प्रवास. टाकी ४५ लिटरची, जीप लिटरला १० देते. चौथीतल्या पोराला गणित घातलं तरी डिझेल उरतं. तरीही टपावर वीस-वीस लिटरचे दोन कॅन होते, कारण साळ्यानं वाळवंटात जीप पळवणाऱ्या लोकांचे व्हिडिओ पाहिले होते आणि त्या प्रत्येकाच्या टपावर कॅन होते. "भाऊजी, मेळघाटात पंप नसते," तो म्हणाला. परतवाड्याला पंप आहेत, धारणीला आहेत, हे मला ठाऊक होतं. पण मी बोललो नाही. जादा नेण्याचा सोस आमच्या घरात मूळचा माझा. मी लग्नाला जाताना सोबत डबा नेतो.

वीस लिटर डिझेल म्हणजे १७ किलो, वर पत्र्याचा कॅन चारेक किलो. असे दोन. बायकोनं प्यायच्या पाण्याचे वीस-वीस लिटरचे दोन कॅन चढवले. पुढच्या बंपरवर विंच, तो एकटा ४० किलो. उंच उचलणारा लांब जॅक, साखळदंड, फावडं, दुसरी स्टेपनी, तंबू, गादी, छोटा सिलिंडर, आणि वाळूत चाकांखाली घालायच्या दोन लोखंडी पट्ट्या. वऱ्हाडात वाळू कुठे लागणार, असं मी विचारलं तेव्हा साळा म्हणाला, "सेटमधीच येते ते." या सगळ्यात जड नग मीच होतो, ९६ किलो. धर्मकाट्यावर मला खाली उतरवून पुन्हा वजन केलं तेव्हा तो फरक सगळ्यांना दिसला. बायकोनं त्या पावतीचा फोटो काढला.

डिझेलच्या या कॅनला जेरीकॅन म्हणतात. इंग्रज सोल्जर जर्मनांना 'जेरी' म्हणायचे, आणि हा कॅन मूळचा जर्मन सैन्याचा, १९३० नंतरच्या दशकातला. दुसऱ्या महायुद्धात आफ्रिकेच्या वाळवंटात इंग्रजांचे पातळ पत्र्याचे डबे इतके गळायचे की जर्मनांचे कॅन हाती लागले तेव्हा त्यांनी ते वापरलेच, पुढे तसेच बनवूनही घेतले. वरच्या तीन मुठींमुळे एक माणूस एका हातात दोन रिकामे कॅन उचलू शकतो. मला ही माहिती फार आवडते. आमचे कॅन मात्र जेरीचे नव्हते, बाजारातले होते. दर्यापूर यायच्या आधी त्यातला एक ताडपत्रीतून थेंब थेंब गळायला लागला, तो नेमका शिदोरीच्या पिशवीवर. डिझेलचा वास लागलेला ठेचा मी खाऊन पाहिला आहे. दुसरा घास घेतला नाही.

दर्यापूर सोडून अंजनगावच्या रस्त्याला लागलो. आदल्या रात्री परतीचा पाऊस होऊन गेला होता. डाव्या हाताला एक पांदण दिसली आणि साळ्याचे डोळे चमकले. "भाऊजी, थोडंसं ऑफ-रोडिंग?"

थोडंसं म्हणजे साधारण तीनशे मीटर झालं. त्यानंतर जीप पुढे गेली नाही, खाली गेली.

हा खारपाण पट्टा. पूर्णेच्या खोऱ्यातली, अकोला, अमरावती आणि बुलडाणा जिल्ह्यांत पसरलेली खोल काळी जमीन. सुकली की हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि भिजली की फुगून असली चिकटते की पायातली चप्पल ठेवून घेते. हलका माणूस चप्पल सोडून निघून जातो. आमची जीप धर्मकाट्यावरून आली होती. चार फुटांवर एक बाई डोक्यावर गवताचा भारा घेऊन अनवाणी निघून गेली, चिखलात तिची नुसती बोटं उमटली.

साळ्यानं आनंदानं हात चोळले. एवढं सामान आणलं ते याच क्षणासाठी. आधी विंच. विंचची तार कशाला तरी बांधावी लागते, आणि खारपाणात नजर जाईल तिथवर तूर अन् कपाशी. शेवटी धुऱ्यावर एक वेडी बाभूळ सापडली. तार ताणली. जीप जागची हलली नाही, बाभूळ मात्र मुळासकट आमच्याकडे आली. मग जॅक. जॅकनं गाडी वर जाण्याऐवजी जॅकच जमिनीत गेला, विहिरीचा बोअर घेतल्यासारखा. त्याच्याखाली घालायला फळी हवी होती. फळी तेवढी आणली नव्हती. मग वाळूच्या पट्ट्या मागच्या चाकांखाली सारल्या. चाकं फिरली, एक पट्टी मागे उडाली आणि दुसरी खाली गेली. ती पुन्हा दिसली नाही. आम्ही फावड्यानं शोधली. फावड्याला लागलेला चिखल काढायला दुसरं फावडं लागत होतं.

"आधी भाऊजींना उतरवा," बायको आतून म्हणाली. मी केव्हाच उतरलो होतो. घोट्यापर्यंत.

ट्रॅक्टर शोधायला साळा गावाकडे गेला. मी धुऱ्यावर बसून बायकोला इतिहास सांगायला घेतला. आपण उगीच रडतो आहोत, याच मुलखातून १८०३ मध्ये आर्थर वेलस्ली तोफा घेऊन गेला. हाच पुढे वॉटर्लूला नेपोलियनला हरवणारा. २९ नोव्हेंबरला अकोला जिल्ह्यातल्या अडगावची लढाई झाली, मग मोर्चा गाविलगडाकडे. किल्ल्याची उत्तरेची बाजू फोडण्यासारखी, म्हणून कर्नल स्टीव्हन्सनच्या सैन्यानं जड तोफा डोंगर-दऱ्यांतून, वाटा फोडत, माणसांच्या हातांनी ओढून तिथे नेल्या. १५ डिसेंबरला किल्ला पडला.

"हातांनी ओढल्या ना?" बायको म्हणाली. "मग ओढा."

तेवढ्यात ती गवताच्या भाऱ्यावाली परत आली. म्हातारी होती. कमरेवर पाच लिटरचा कॅन, हातात स्टीलचा पेला. "पानी घ्या जी," म्हणाली. "गोडं हाय. हीरीचं नाई."

खारपाणातल्या विहिरीला पाणी असतं, पण ते तोंडात धरवत नाही. पिकालाही चालत नाही. माझ्या आईचं माहेर याच पट्ट्यातलं. आजोळी पाहुणा आला की त्याला भरला तांब्या देत नसत, पेला भरून देत आणि तो संपल्यावर दुसरा. मला लहानपणी तो चिकटपणा वाटायचा. मामा पहाटे सायकलला दोन्ही बाजूंनी कॅन लटकवून गोड्या पाण्याला जायचा; ते कॅन, आणि हे माझ्या टपावरचे. म्हातारीनं तो पेला अर्धा भरला, माझ्याकडे पाहिलं, मग काठोकाठ भरला. टपावर आमचं चाळीस लिटर पाणी होतं. मी तिचं प्यायलो. नाही म्हणायची हिंमत झाली नाही.

त्याच पांदणीतून लोक पावसाळ्यात खताची पोती पाठीवरून नेतात, दवाखान्यात न्यायचं माणूस बाजेवर घालून नेतात. आम्ही तिथे मजा म्हणून गेलो होतो. साळा गावाकडे जाईपर्यंत त्याचा फोन चालूच होता. व्हिडिओ निघत होता.

साळा तासाभरानं आला, एकटा. ट्रॅक्टर सापडला होता, ट्रॅक्टरवालाही. "पण भाऊजी, त्याच्या ट्रॅक्टरात डिझेल नाई."

मी आयुष्यात कुणाकडे इतक्या प्रेमानं पाहिलं नसेल, जितक्या प्रेमानं त्या गळक्या कॅनकडे पाहिलं. साळ्यानं कॅन खांद्यावर घेतला आणि पुन्हा गावाकडे चालू पडला. थोड्या वेळानं ट्रॅक्टरचा आवाज आला. ट्रॅक्टरवाल्यानं साखळदंड बांधला, जीपभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाला, "एवढं वज्जन कायले आनलं भाऊ? इथं त बैलबी भीत भीत पाय टाकते." मी सांगितलं, फसलो तर सोडवायला आणलं. तो बराच वेळ विचार करत होता.

जीप निघाली. पैसे घेईना. "पाच लिटर टाकलं तुमचं, झालं. बाकीचं तुमच्याजवळ राहू द्या, जंगलात लागन." मी हातापाया पडलो, की बाबा, सगळं घे. घेतलं नाही. म्हातारीनं मात्र पाण्याचे दोन्ही कॅन ठेवून घेतले. कॅन आठवणीनं घेऊन जा, असं दोनदा बजावलं. परतताना आम्ही रिकामे कॅन घ्यायला थांबलो तेव्हा ते धुऊन, उलटे करून, दारात वाळत ठेवले होते.

चिखलदऱ्याला रात्री पोचलो. गाविलगड पाहिला, भीमकुंड पाहिलं, धुकं होतं. कॉफी तिथे पिकते, ती प्यायलो. तिलाही डिझेलचा वास आला, पण तो माझ्या हाताचा असावा. परतवाड्याच्या पंपावरून जाताना साळ्यानं मान दुसरीकडे वळवली.

अकोल्याला पुन्हा काट्यावर चढलो. जीप हलकी झाली होती. मी आता ९७ होतो.

दर्यापूर-अंजनगाव रस्त्यावर डाव्या हाताच्या एका पांदणीत, रस्त्यापासून तीनशे मीटरवर, आमची एक लोखंडी पट्टी जमिनीत आहे. उन्हाळ्यात भेगा पडल्या की दिसेल. ज्याला सापडेल त्यानं ती ठेवून घ्यावी. आणून देऊ नये.