चिंचोळीतून रिटायर कसं व्हावं : नवशिक्यांसाठी पाच पायऱ्या

रिटायर होणं आयुष्यात एकदाच येतं, त्यामुळे त्याचा सराव कुणालाच नसतो. सोलापुरातून कंपनीच्या बसने चिंचोळी एमआयडीसी गाठणाऱ्या, पंचावन्नी ओलांडलेल्या सर्व उमेदवारांसाठी ही मार्गदर्शिका आहे. यातली प्रत्येक पायरी आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या वापरून पाहिलेली आहे.

पायरी १ : पेन्शनचा आकडा स्वतः काढू नये.
तो टपरीवर काढावा. तिथे कुणाच्या तरी साडूला वीस हजार बसलेले असतात. साडू रेल्वेत होता का, हे विचारायचं नसतं. ईपीएस-९५ चं, म्हणजे पीएफसोबतच्या पेन्शन योजनेचं, सूत्र अगदी सोपं आहे : पेन्शनपात्र पगार गुणिले सेवेची वर्षं, भागिले ७०. सोपं आहे म्हणूनच त्याच्यापासून जपून राहावं. समजा, तुम्ही १९९७ मध्ये लागलात आणि २०२५ मध्ये सुटलात. हातात पंचवीस हजार येत असले तरी सूत्रात पगार जास्तीत जास्त १५,००० धरतात, तोही सप्टेंबर २०१४ नंतरच्या सेवेला. त्याआधीच्या वर्षांना कमाल ६,५००. म्हणजे जुन्या १७ वर्षांचे सुमारे १,५७८ आणि नंतरच्या ११ वर्षांचे २,३५७. वीस वर्षं भरल्याबद्दल मिळणारी दोन वर्षांची बक्षिसी धरली, तरी चार हजार आणि वर थोडी चिल्लर. यावर महागाई भत्ता नाही. हे आधीच कळलं तर घराचा प्लॅन लहान करावा लागेल, आणि मग पाहुणे काय म्हणतील?

पायरी २ : कागदांना शेवटच्या महिन्यापर्यंत हात लावू नये.
आधारवर ‘सिद्राम’, पीएफमध्ये ‘सिद्धाराम’ आणि शाळेच्या दाखल्यावर तिसरंच काही, हे वैविध्य जपावं. पूर्वीच्या ठेकेदाराने नोकरी सोडल्याची तारीख भरली आहे का, हे ठेकेदार सापडेनासा झाल्यावर तपासावं. मधल्या काळात नोकरी बदलताना १०-सी फॉर्म भरून पेन्शनचे पैसे काढले असतील आणि त्यात मोटारसायकल घेतली असेल, तर उत्तमच : तेवढी वर्षं पेन्शनच्या हिशेबातून गेली. मोटारसायकलही एव्हाना भंगारात गेलेली असते. पेन्शनचा अर्ज म्हणजे १०-डी. त्याला नवरा-बायकोचा एकत्र फोटो लागतो. घरात तसा फोटो शोधायला गेलं की लग्नातला सापडतो, त्यानंतरच्या प्रत्येकात मधे एक पोर असतं.

पायरी ३ : हातात आलेली रक्कम थंड होऊ देऊ नये.
मूळ पगार आणि भत्ता मिळून १८,००० असेल, तर २८ वर्षांची ग्रॅच्युइटी होते २,९०,७६९ रुपये (पगार गुणिले १५, भागिले २६, गुणिले वर्षं). ही आणि पीएफची रक्कम ताबडतोब गावाकडच्या स्लॅबमध्ये ओतावी. जागा भावकीची असल्यास जास्त बरं. भाऊ म्हणतो, “दादा, तू बांध की, आपलंच हाय,” आणि सातबारा तसाच राहतो. खाली तीन खोल्या पुरत असल्या तरी वर दोन काढाव्यात, कारण पोरगा दिवाळीला चार दिवस येतो. पोस्टातल्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेची चौकशी करू नये. तिथे सध्याच्या ८.२ टक्क्यांनी पाच लाखांवर दर तिमाहीला १०,२५० रुपये येतात, म्हणजे महिन्याला जवळपास आणखी एक पेन्शन. ५५ ते ६० वयात रिटायर झालेल्यांनाही ती खुली आहे, पण पैसे हातात आल्यापासून तीन महिन्यांच्या आत. तोवर आपला जिना चालू असतो.

पायरी ४ : कुठे राहायचं, हे बायकोला सर्वांत शेवटी सांगावं.
पर्याय तीन. मोहोळ तालुक्यातलं गाव : हवा चांगली, दवाखाना लांब. सोलापूर : दवाखाना जवळ, नळाला पाणी काही दिवसांआड, पण पिंपं भरायची सवय आहेच. पुणे : पोरगा म्हणतो, “पप्पा, इकडंच या की.” यात नातवाला स्कूलबसपर्यंत सोडण्याची नोकरी समाविष्ट आहे, पगार नाही. बायको विचारते, “तितं मला बोलायला कोण हाय?” हा प्रश्न कोणत्याच फॉर्ममध्ये नसल्याने सोडून द्यावा.

पायरी ५ : जुनी भीती सांभाळून ठेवावी.
‘गाव बदललं की पेन्शन अडकते’ असं सर्वांना सांगत राहावं. जानेवारी २०२५ पासून ईपीएसची पेन्शन देशातल्या कुठल्याही बँकेच्या कुठल्याही शाखेत मिळते आणि हयातीचा दाखला मोबाईलवर चेहरा दाखवूनही देता येतो, हे कुणी सांगितलं तर मान हलवावी. ईएसआयसीचं, म्हणजे कामगार विम्याचंही तसंच. किमान पाच वर्षं विमा असलेल्या, वयानुसार निवृत्त होणाऱ्या कामगाराला वर्षाला १२० रुपये भरून स्वतःचे आणि जोडीदाराचे उपचार चालू ठेवता येतात. बारा कप चहाचे पैसे म्हणून ही गोष्ट कुणाला फारशी महत्त्वाची वाटत नाही.

ज्यांना ही मार्गदर्शिका वापरायची नाही, त्यांच्यासाठी :
रिटायर होण्याच्या तीन वर्षं आधी एका रविवारी बायकोसोबत बसा. पासबुक काढा, सूत्र घाला, नावं जुळवा. जिथे राहायचं मनात आहे तिथे आधी वर्षभर भाड्याने राहा, उन्हाळ्यासकट. पगार थांबल्यावर घर कमावत नाही. रंग, मोटार आणि घरपट्टी मागतं. म्हणून आधी महिन्याचा खर्च सुटेल एवढं बाजूला ठेवा आणि उरेल त्यातच विटा घ्या.

सूचना : असं केलेल्यांच्या घरी वास्तुशांतीची पंगत बहुधा लहान असते, आणि दुसऱ्या दिवशी आचाऱ्याची उधारीही नसते.